सरळ तार

शनिवार म्हणजे सातपूरच्या कारखान्यांची सुट्टी, आणि सुट्टीच्या दिवशी माणसानं निवांत बसावं की नाही? पण शकुबाईचं बूड काही जमिनीला टेकेना. सकाळपासून तिनं दोनदा फरशी पुसली, वाळलेले कपडे उगाच पुन्हा झटकले, आणि स्टोव्हवरनं उतरवलेला तवा गार होताना टक्‌ वाजला तशी केवढी तरी दचकली.

"अगं, तवा आहे तो," तिचा नवरा सहादू म्हणाला. "झालंय काय तुला?"

"काही नाही."

काही नाही कसलं! गुरुवारी तिनं जन्मातला पहिला अवघड जोड केला होता. सिन्नरच्या एका औषधाच्या कारखान्याला कडक काचेच्या चंबूला मऊ काचेचा, हवेचा दाब मोजायचा मीटर जोडून हवा होता. आता या दोन काचांचं एकमेकींशी मुळीच पटत नाही. तापली की मऊ काच जास्त फुगते, गार होताना जास्त आकसते. कडक काच मात्र जेमतेम हलते. त्या ओढाताणीत जोड तडकतो. लगेच तडकला तर बरं, पण मेला कधीकधी चार दिवसांनी तडकतो. म्हणून मधे काचेच्या तीन रिंगा घालायच्या: एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. पुढची मागचीपेक्षा थोडी जास्त फुगणारी. म्हणजे ओढ थोडीथोडी वाटली जाते.

आठ वर्षं शकुबाई सातपूरच्या एका काचकारखान्यात मोरीवर नळ्या धूत होती. बर्नरवर बसणारे कोंडाजीमामा जेवणाच्या सुट्टीत तिला काच शिकवायचे. मामा सायखेड्याचे, नात्याचे ना गोत्याचे, पण सख्ख्या मामानं केलं नसतं एवढं त्यांनी केलं. आणि मालक पुंजाराम शेठनं तिला बजावलं होतं, "हा जोड टिकला तर दुसरा बर्नर तुझा. नाहीतर मोरी आहेच."

जोड दिसायला झकास झाला. रात्रभर भट्टीत हळूहळू गार होत मुरला आणि शुक्रवारी सिन्नरला गेलासुद्धा. पण आचेवर असताना दोन नंबरची रिंग जरा लवकरच मऊ पडून लोळली होती. जराशीच! आता तेवढंच तिच्या डोक्यात घर करून बसलं होतं.

रविवारी ती सगळ्यांच्या आधी कारखान्यात पोचली. चौकीदाराकडनं किल्ली घेतली आणि दोन नंबरच्या डब्यातली एक रिंग, तीन नंबरच्या डब्यातली एक रिंग काढली. दोन्ही आचेवर चिकटवल्या आणि ओढून केसाएवढी बारीक तार काढली. काच ओळखायची ही जुनी रीत. दोन काचा वेगळ्या असल्या, तर तार गार होताना एका अंगाला वाकते. एकच असली तर सरळ राहते. ही तार वाकायलाच हवी होती.

तार सरळ राहिली. शकुबाईनं दुसरी ओढली, तिसरी ओढली. सरळ, सुतासारखी सरळ. म्हणूनच ती रिंग लवकर लोळली! दोन्ही डब्यांत जास्त मऊ, तीन नंबरचीच काच होती!

बाहेरून आलेली काच इथं तार ओढल्याशिवाय कुणी वापरत नसे, पण मामांनी भरलेल्या डब्यातली रिंग तपासायची म्हणजे मामांचा अपमान. वीस वर्षांत तो कुणी केला नव्हता. तीही तपासायला धजली नव्हती.

रिंगा मामाच कापायचे. दोन नंबरच्या नळीच्या टोकाला पिवळा रंग, तीन नंबरच्या टोकाला पांढरा. अलीकडे नळी हातात घेऊन मामा विचारायचे, "शके, ह्यो पिवळाच ना गं?" तिला वाटायचं, परीक्षा घेतायत. अरे देवा, परीक्षा कसली!

सिन्नरला आज चंबूतली हवा ओढायला पंप लागणार होता, आणि अशात जोड तडकला तर काचा समोरच्याच्या तोंडावर. फोन शेठच्या केबिनमध्ये, केबिनला कुलूप, आणि शेठ अकराशिवाय उगवत नाही. तिनं पर्स उचलली आणि सुटलीच. सिटी बसनं सीबीएसचा एसटी स्टँड, तिथून सिन्नरची एसटी. कंडक्टर टपावर कांद्याच्या गोण्या चढवत बसला तेव्हा तिला त्याला खाली ओढावंसं वाटलं.

सिन्नरच्या त्या कारखान्यात धोंडीराम नावाचा माणूस मीटरला नाक लावून आकडे टिपत बसला होता. पंप घरघरत होता.

"हा जोड मी केलाय," ती धापा टाकत म्हणाली. "पंप बंद करा."

"तुमी केला? लय भारी काम हाय बाई! दोन तास झालं, हूं नाय की चूं नाय. सायेब खूश हायेत."

"बंद करा म्हणते ना. तो फुटणार आहे."

"सायेब बोलतील मला."

"डोळे तुमचे आहेत का साहेबांचे?"

धोंडीरामनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि बटण दाबलं. हवा हळूहळू आत घेतली, चंबू उतरवला आणि पेंढ्याच्या खोक्यात घालून तिच्या हवाली केला. साहेब आले की काय सांगायचं ते तो सांगणार होता.

परतीच्या एसटीत खोकं मांडीवर होतं. पळसे गाव मागं गेलं आणि पेंढ्यात टक्‌ झालं. बसमध्ये दुसऱ्या कुणाला ते ऐकू गेलं नाही. तिला पायाच्या नखापर्यंत ऐकू गेलं. पहिल्यांदा तिला धोंडीरामचं नाक आठवलं आणि इतकं हायसं वाटलं की विचारू नका. मग बर्नर आठवला, आणि पदर तोंडाला लावून ती नाशिक येईस्तोवर रडली.

शेठ कारखान्याच्या दारातच उभा होता. सिन्नरहून त्याला फोन आला होता.

"कुठं माती खाल्लीस?"

शकुबाईनं मामांकडे पाहिलं नाही. खरं सांगितलं असतं तर शेठनं मामांना उद्याच घरी बसवलं असतं. "डबे चुकले शेठ," ती म्हणाली. "दोन नंबरच्या जागी तीन नंबर घातली. माझीच चूक."

"चल, मोरीवर!"

मामा ऐकत होते. मुलाला झापावं तसे म्हणाले, "शके, एवढं शिकवलं तुला, आन्‌ डबे चुकलीस?" तिनं नळ सोडला आणि नळ्या धुवायला बसली.

मंगळवारी तोच जोड मामांनी करायला घेतला. त्यांचा हात दोन नंबरच्या डब्याकडे गेला आणि तिला राहवेना. ओल्या हातांनीच ती बर्नरपाशी आली.

"मामा, आधी तार ओढा. या दोन डब्यांची."

"माझ्या डब्याची तार? मला शिकवतेस?"

"एकदाच ओढा. पाया पडते."

रागारागानं त्यांनी दोन रिंगा तापवल्या, चिकटवल्या, ओढल्या. तार खिडकीच्या उजेडात धरली. जवळ नेली, लांब नेली. डोळे चोळले, पुन्हा जवळ नेली.

"शके," ते अगदी हळू म्हणाले, "वाकडी हाय का सरळ?"

'वाकडी' म्हणायला काय लागत होतं? रविवारपासून एक खोटं पचवलंच होतं. पण मग हाही जोड सिन्नरला गेला असता, धोंडीरामच्या तोंडासमोर.

"सरळ आहे, मामा."

मामांनी तार खाली ठेवली. मग चाचपत गॅसची चावी बंद केली.

"म्हंजी तू डबे चुकली नव्हतीस."

"नाही."

"लोक काय म्हणतील म्हणून मी डॉक्टरकडंसुद्धा गेलो नाय बघ," ते म्हणाले. "आन्‌ तू माझ्यापायी मोरीवर बसलीस?"

ते उठले. त्या कारखान्यात वीस वर्षं कुणाचा हात न धरता वावरलेल्या माणसानं शकुबाईच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल, मला शेठच्या केबिनपाशी ने. आन्‌ पायरी आली की सांग."