रत्नप्रभाबाईंचे बारा ठोके

मी एक जुना ईसीजीचा कागद आहे. आज पाहाल तर कोळशासारखा काळा, वर प्लास्टिकचं कवच. पण मित्रांनो, जन्मतः मी गुलाबी होतो आणि अंगावर लहान-मोठ्या चौकटी होत्या.

भोपाळच्या टी. टी. नगरमधल्या एका छोट्या दवाखान्यात रत्नप्रभाबाई तपासणीला आल्या. ईसीजी काढणाऱ्या सिंधूताईंनी त्यांच्या हातापायांना चिमटे आणि छातीला रबरी वाट्या लावल्या. हृदयातली नाजूक वीज यंत्राच्या तापलेल्या टोकाने माझ्यावर उमटली. मला शाई लागत नाही, ऊब लागली की मी काळा होतो. हे लक्षात ठेवा.

बाईंनी विचारलं तेव्हा सिंधूताईंनी समजावलं. पहिला छोटा उंचवटा म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे जागे झाले. मग टोकदार सुळका, म्हणजे खालचे मोठे कप्पे आवळले. थोडी सपाट वाट, आणि शेवटी गोल टेकडी, पुढच्या ठोक्याची तयारी. दोन सुळक्यांत चार मोठ्या चौकटी, म्हणजे मिनिटाला पंचाहत्तर ठोके. माझ्यावर बारा मावले.

'नॉर्मल' हा शेरा वाचून छाती फुगली ती त्यांच्या यजमानांची. विनायकराव मूळ नागपूरचे, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. दिसेल त्या कागदाला लॅमिनेशन करण्याची त्यांना भारी हौस. मिक्सरची गॅरंटी संपून नऊ वर्षं झाली, तरी ती प्लास्टिकात सुखरूप होती. मलाही त्यांनी कौतुकाने दुकानात नेलं. तापलेल्या रुळांमधून मी गुलाबी गेलो आणि काळा बाहेर आलो.

"अंकल, ये तो जल गया," दुकानदार म्हणाला.

विनायकरावांनी मला फायलीच्या तळाशी दडवलं. घरी अवाक्षर काढलं नाही.

दोन वर्षांनी एका सकाळी मेथी निवडताना बाईंच्या छातीवर दडपण आलं, दरदरून घाम फुटला. पुन्हा तोच दवाखाना. नव्या कागदावर गोल टेकडी दोन-तीन ठिकाणी उलटी झाली होती. काहींची पहिल्यापासून तशी असते, म्हणून डॉक्टरांनी जुना कागद मागितला. विनायकरावांनी मला पुढे केलं. डॉक्टरांनी मला खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. काहीच दिसेना. आयुष्यभर फायली सांभाळलेला माणूस मान खाली घालून उभा राहिला.

"अहो, माझ्या पर्समध्ये झेरॉक्स आहे," बाई पडल्यापडल्या म्हणाल्या. "तुम्ही लॅमिनेशनचं नाव काढलंत की मी आधी झेरॉक्स काढते. छत्तीस वर्षं ओळखते तुम्हाला."

झेरॉक्सवर सगळ्या टेकड्या सरळ होत्या. म्हणजे आजचा बदल नवा होता, हृदयाला रक्त कमी पडत असल्याची खूण. बाईंना तडक मोठ्या इस्पितळात नेलं. नवव्या दिवशी त्या घरी आल्या.

आता नव्या कागदाच्या तीन प्रती आहेत, प्रत्येकीवर तारीख आहे. विनायकराव बाकीच्या कागदांना अजून लॅमिनेशन करतातच. माणूस एकदम कुठे सुधारतो?

मित्रांनो, आपल्या माणसाचा धडधाकट असतानाचा कागद जपा. त्याची प्रत काढा, त्याला ऊन लागू देऊ नका, आणि आपली हौस तर मुळीच लागू देऊ नका. माझं काय, माझ्या काळोखात ते बारा ठोके अजून चार-चार चौकटींवर उभे आहेत. कुणाला दिसत नाहीत, एवढंच. विनायकराव मात्र कधी कधी मला बाहेर काढतात आणि माझ्यावर बोट ठेवून बसून राहतात, स्वयंपाकघरातून चहाची हाक येईपर्यंत.