घाटात चिरलेली नळी

पंच्याऐंशी साल. भद्रावतीच्या कारखान्यातल्या एका साहेबांनी आपली परदेशी गाडी आम्हाला दिवसभरासाठी दिली, ड्रायव्हरसकट. ड्रायव्हर म्हणजे माझा दीर श्रीहरी. जिवतीकडच्या आमच्या वस्तीतल्या नव्या विहारासाठी चंद्रपूरहून बुद्धमूर्ती न्यायची होती. मूर्ती प्लास्टरची, पाणी लागलं की गेली.

मी म्हटलं, गादीवर निजवू. श्रीहरी ऐकेना. "बुद्धाले आडवं नाई ठेवाचं, वहिनी." मग मूर्ती मागच्या काचेला टेकवून बसवली. त्या गाडीत मागची काच धुवायलासुद्धा पाण्याची नळी होती, असले थाट. मूर्तीचं डोकं त्या नळीवर घासत राहिलं आणि घाटात नळी चिरली. मी वळून पाहते तर खांद्यावरचा रंग ओघळतोय.

गाडी थांबवली. नळीच्या पाण्याची टाकी वरच्या पत्र्यामागे, उघडायला अवजार नाही. श्रीहरीने सुतळी आवळली, तर चीर वाढली. मूर्ती आमच्या दोघांच्याने हलेना. मी अंगठ्याने चीर दाबून धरली आणि श्रीहरीला नाही नाही ते बोलले. तिकडे वस्तीतल्या बाया पांढरी लुगडी नेसून सकाळपासून वाटेकडे डोळे लावून बसलेल्या.

तेवढ्यात मागून लालसू आला. जवळच्या गुड्यावरचा, म्हणजे आदिवासी पाड्यावरचा, गोंड, सायकलवर बांबूच्या टोपल्यांची चळत घेऊन बाजाराला निघालेला. चळत जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेली होती. काही न विचारता त्यानं ती पट्टी सोडली, नळीवर ताणून गुंडाळली, गाठ मारली. पाणी थांबलं. मग डोक्याचा फडका काढून मूर्तीचा खांदा हलक्या हाताने टिपला.

"तुमचा देव भिजला जी."

देव म्हटलं की मला राहवत नाही. "देव नाई, भाऊ. माणूस होता तो."

"माणूस?" लालसूने मूर्तीच्या तोंडाकडे पाहिलं. "मंग तं त्याले थंडी वाजत असन." आणि फडक्याची कोरडी बाजू त्यानं मूर्तीच्या खांद्यावर पांघरली.

'माणूस होता तो', हेच वाक्य सांगत मी आयुष्यभर लोकांशी भांडले होते. ऐकून कुणी पांघरूण घातलं नव्हतं. मला रडू आलं.

"अन् तुमच्या टोपल्या?"

"धरतो ना एका हातानं."

उघड्या डोक्याने, एका हातात सायकल आणि दुसऱ्या हाताने टोपल्या सावरत तो घाट चढू लागला. विहारातली वंदना अजून व्हायची होती. पण त्या दिवशी मी पहिले हात जोडले ते घाटात, लालसूला.