पाठीवरचा माणूस

"मिस्टर डॉस्टल, तुमच्या मिसेसचा चष्मा आमच्या टेबलावर राहिलाय," फोनवरची मुलगी म्हणाली.

व्हर्लिन डॉस्टलने फोन डाव्या कानावरून उजव्या कानाला लावला. डाव्याने त्याला कमी ऐकू येई. त्याने तिला सांगितलं की चूक होतेय, आज गुरुवार आहे, आणि गुरुवारी त्याची बायको चर्चच्या तळघरात बायकांबरोबर कोलाचे, म्हणजे फळं भरलेले गोड पाव, लाटत असते. मुलीने नाव सांगितलं, आर्डिथ. करडा कोट. तासाभरापूर्वीच निघाल्या, म्हणाली. आणि ती बोलत होती कॉलेजच्या क्रीडा विभागातून, तीस मैलांवरून. त्या कॉलेजच्या फाटकात व्हर्लिनने छप्पन्न वर्षं पाऊल टाकलं नव्हतं. ती माझी बायको नसणार, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

हात अजून फोनवरच होता, तेवढ्यात तो पुन्हा वाजला. या वेळी शेरीफच्या ऑफिसातला ड्वेन कोवारिक होता. एरवी ड्वेनचा फोन आला तर कुणाची तरी गुरं रस्त्यावर आलेली असत. आज त्याने आधी विचारलं, तुम्ही बसलेले आहात ना.

आर्डिथची गाडी नदीवरच्या तिसऱ्या पुलाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला नीट उभी होती. इंजिन चालू, उजवीकडचा दिवा लुकलुकत होता. आत आर्डिथ, हात मांडीवर. डॉक्टर म्हणाले, हृदय.

"घाबरलेली दिसत नव्हती, व्हर्लिन," ड्वेन म्हणाला. "कुणाला तरी आधी जाऊ द्यायला थांबलीय, असं वाटत होतं."

दफनाच्या दिवशी चर्चच्या तळघरात हॅमची सँडविचेस होती आणि जर्दाळू भरलेले कोलाचे. त्या बायकांनीच व्हर्लिनला सांगितलं की नाताळपासून आर्डिथ गुरुवारची यायचीच बंद झाली होती. त्यांना वाटलं होतं, त्याला ठाऊक असेल. त्याने मान हलवली. त्याआधी, वर शवपेटीजवळ गुडघे टेकून त्याने तिच्या कडेवर हात टेकले, तेव्हा पाठीवर ते वजन आलं होतं.

हे वजन त्याला नवीन नव्हतं. कधी चर्चमध्ये, कधी धान्याच्या कोठाराखाली धान्य वाहणारा पट्टा दुरुस्त करायला वाकला असताना, पण नेहमी गुडघे आणि हात टेकलेले असतानाच ते येई. दुखत नसे. कुणीतरी पाठीवर छाती टेकवून, कमरेला हात घालून नुसतं बसलंय, एवढंच. गार. व्हर्लिन श्वास रोखून थांबे आणि थोड्या वेळाने ते उठून जाई. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, आर्डिथलासुद्धा नाही.

ते सुरू झालं १९६६ च्या ऑगस्टमध्ये, काउंटीच्या जत्रेत.

व्हर्लिन तेव्हा वीस वर्षांचा होता, कॉलेजकडून दोन हंगाम खेळलेला. एकशे सदुसष्ट पौंडांचा गट. कॉलेजच्या कुस्तीत वरचा गडी खालच्याला किती वेळ दाबून ठेवतो, त्याचं वेगळं घड्याळ चालतं. त्या वेळेला गुण असतो. ऑलिंपिकवाले त्याला काडीची किंमत देत नाहीत. त्यांना समोरच्याची पाठ गादीकडे वळलेली दिसली की झालं. व्हर्लिनची ख्याती अशी की त्याला कुणी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त खाली ठेवू शकलं नव्हतं.

जत्रेच्या तंबूत ना हे नियम ना ते. तिथे काळा मुखवटा घातलेला 'डीकन' नावाचा पैलवान होता. त्याच्यासमोर चितपट न होता, हार न मानता पंधरा मिनिटं काढायची, की पंचवीस डॉलर. आर्डिथशी त्याचं तेव्हा नुकतंच जुळलं होतं. ती नको म्हणाली. मग त्याने मनगटावरचं घड्याळ काढून तिच्या हातात दिलं, आणि ती पुढच्या बाकावर बसली.

पहिल्याच मिनिटाला डीकन त्याच्या पाठीवर आला, तो उतरलाच नाही. व्हर्लिनने बसून निसटायला पाहिलं, उठून झटकायला पाहिलं, खांदा टाकून लोळायला पाहिलं. जे जे येत होतं ते सगळं केलं. तंबूत उकाडा इतका की लोकांचे सदरे अंगाला चिकटले होते. पण पाठीवरचं अंग बटाटे साठवायच्या तळघराच्या भिंतीसारखं गार होतं. घाम नाही. वास नाही. सगळ्यात वाईट म्हणजे मानेवर श्वास लागत नव्हता. त्याचा डावा कान दोनदा चिरडला गेला. ओरडणारं, टाळ्या वाजवणारं तंबूत कुणी नव्हतं. पंधरा मिनिटं भरली असं मालक पर्डी म्हणाला, तेव्हा वजन उठलं. व्हर्लिन वळून बघेपर्यंत तिथे कुणी नव्हतं, मागचा पडदा हलत होता. पर्डीने त्याच्याकडे न बघता पैसे दिले. आर्डिथचा चेहरा पांढरा पडला होता. घरी चल, एवढंच ती म्हणाली. तंबू रविवारपर्यंत राहायचा होता, तो त्याच संध्याकाळी उठला.

त्या हिवाळ्यात व्हर्लिन कॉलेजांच्या साखळीत आपल्या गटाचा विजेता झाला. वसंतात कुणीतरी त्या पंचवीस डॉलरबद्दल कॉलेजला पत्र पाठवलं. कुस्तीचे पैसे घेणारा तो धंदेवाईक, असा नियम. विजेतेपद गेलं, शेवटचं वर्ष गेलं, शिष्यवृत्ती गेली. तो गावी परतला, आर्डिथशी लग्न केलं आणि एक्केचाळीस वर्षं धान्याच्या कोठारावर काम केलं. गावात त्या कुस्तीचा विषय त्याच्यासमोर कुणी काढत नसे. तो समजे, लोकांना आपली कीव येते.

दफनानंतर आठवड्याने तो चष्मा आणायला गेला. फोनवरच्या मुलीचं नाव ब्रेना. तिने त्याला बसवलं, कॉफी दिली आणि एक कागद पुढे ठेवला. आता काळ बदललाय, तिने समजावलं. टीव्हीवरच्या नाटकी कुस्तीवाल्यांशी करार केलेली मुलंसुद्धा कॉलेजकडून खेळतात. म्हणून जुन्या काढून टाकलेल्या नावांचा फेरविचार करायला एक समिती बसलीय. पंचवीस डॉलर खऱ्या कुस्तीचे नसून ठरवून केलेल्या खेळाचे होते, असं दाखवता आलं, तर तो पैलवान म्हणून नव्हे, नट म्हणून कमावलेला पैसा ठरतो. विजेतेपद परत मिळतं. आर्डिथ तीन महिने यामागे होती. डीकनलाच शोधून काढून तिने त्याची सही आणली होती.

"आता फक्त तुमची सही हवी," ब्रेना म्हणाली. "महिनाअखेरीला बैठक आहे."

व्यायामशाळेच्या भिंतीवर विजेत्यांचा लाकडी फलक होता. १९६७ पुढे, एकशे सदुसष्टच्या रकान्यात, पितळी पट्टीच नव्हती. दोन खिळ्यांची भोकं तेवढी होती. व्हर्लिन त्या भोकांकडे बराच वेळ बघत राहिला. त्याला ते नाव हवं होतं. छप्पन्न वर्षं हवं होतं, आणि आर्डिथ ते आणायला जाऊन वाटेत मेली होती. सही करायला एक क्षण पुरला असता. पण कागदावर लिहिलं होतं, 'प्रत्यक्षात कोणतीही खरी झुंज झाली नाही', आणि त्याच्या आयुष्यातली सगळ्यात खरी झुंज तीच होती. त्याने कागद घडी घालून खिशात ठेवला आणि सहीखालचा पत्ता पाहिला. वॉटरलू, वृद्धाश्रम. ज्याने आपल्याला पंधरा मिनिटं दाबून ठेवलं, त्याचा चेहरा तरी बघावा, असं त्याला वाटलं.

डीकनचं खरं नाव हॉलिस क्रॅबट्री; तो एक्क्याण्णव वर्षांचा होता आणि खिडकीशी चाकांच्या खुर्चीत बसला होता. व्हर्लिनने आधी त्याचे हात पाहिले. आखूड, जाड बोटं. पोटावर ज्या बोटांची पकड होती, ती लांब होती.

"तू येऊ नयेस अशी तुझ्या बाईची इच्छा होती," म्हातारा म्हणाला. "पण ती गेली म्हणतोस. म्हणजे आता ती आणायची ते जर्दाळूचे कोलाचेही गेले."

"ही सही तुमची आहे?"

"माझीच. त्या कोलाच्यांसाठी मी चंद्रावर कुस्ती खेळलो, असंही लिहून दिलं असतं."

व्हर्लिन म्हणाला की ती कुस्ती ठरवलेली नव्हती, हे दोघांनाही माहीत आहे. म्हातारा हसला. आमच्या धंद्यात हा प्रश्न विचारणाऱ्याला तंबूबाहेर काढायचे, म्हणाला. कुठली खरी, कुठली खोटी, हे मी माझ्या दोन बायकांना सांगितलं नाही, तर तुला काय सांगणार. मग त्याचं हसू थांबलं.

"पण त्या दिवशी मी तिथे नव्हतोच, गड्या. आतडं फुटलं होतं माझं. मंगळवारपासून मेसन सिटीच्या हॉस्पिटलात होतो. मुखवटा ट्रकमध्ये खिळ्याला, आणि ट्रकची किल्ली पर्डीच्या खिशात."

"मग कोण होतं?"

"मी पर्डीला तेच विचारलं. तो म्हणाला, कुणी नव्हतं. डीकन नाही असं तो सांगायला जाणार, तेवढ्यात एक शेतकऱ्याचं पोर गादीवर उतरलं. गुडघे टेकले, हात टेकले, आणि पंधरा मिनिटं एकटंच धडपडत राहिलं. दोनशे माणूस बघत होतं. एक हसलं नाही. पर्डी दारू पिऊन खोटं बोलायचा. हे त्याने शुद्धीत सांगितलं."

व्हर्लिनचा हात डाव्या कानाकडे गेला. सुजून कोबीसारखा गोळा झालेला कान.

"मग हा?" त्याने विचारलं.

म्हाताऱ्याने त्याला खाली वाकायला लावलं आणि अंगठ्याने कान चाचपला, घोड्याचे दात बघावेत तसा.

"हा खरा आहे," तो म्हणाला. "गादीवर घासून असा होत नाही. याला माणूस लागतो."

आर्डिथलाही हे सगळं सांगितलं होतं का, असं व्हर्लिनने विचारलं. सांगितलं होतं. तिने ऐकून घेतलं, हातमोजे चढवले, आणि त्याला सांगू नका म्हणाली.

"आणखी काही बोलली?"

"दाराशी थांबली जरा. म्हणाली, 'मी घड्याळ बघत होते.' मी काही विचारलंच नव्हतं."

परतीच्या वाटेवर व्हर्लिनने मनाशी धरलं की म्हातारा खोटं बोलतोय. जन्मभर तेच केलं त्याने. तिसऱ्या पुलापाशी त्याने गाडी हळू केली, पण थांबवली नाही.

दुसऱ्या दिवशी तो कोठारावर गेला. तिथे सकाळी नऊला म्हातारे कॉफीला जमतात. त्या दिवशी तंबूत असलेल्यांपैकी आता एकटा मायलो कुबेश उरला होता. इतरांसमोर व्हर्लिनने त्याला सरळ विचारलं, मायलो, सहासष्टच्या जत्रेत तू काय पाहिलंस. मायलो साखर न घातलेली कॉफी ढवळत राहिला.

"ऊन फार होतं त्या दिवशी," तो म्हणाला. आणि टोपी घेऊन उठला.

महिनाअखेरीला ब्रेनाचा फोन आला. समिती बसलीय, तुमचा कागद आलेला नाही. तो स्वयंपाकघरात उभा होता. आर्डिथच्या भांड्यात एका वेळी सहा कपांहून कमी कॉफी होत नसे. दोन तो प्यायचा, चार ओतून द्यायचा. त्याने ब्रेनाला सांगितलं की सही होणार नाही.

"मिसेस डॉस्टलनी एवढी धावपळ केली," ब्रेना हळूच म्हणाली.

"हो. पण मी झुंजलो, पोरी. पैसेही घेतले. तेवढंच लिही."

"मग नाव नाही येणार."

"नको येऊ दे."

फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण हे ठामपणे बोललो, पण ठाम असं आपल्याकडे काहीच नाही. कोणाशी झुंजलो, हे ब्रेनाने विचारलं नव्हतं, हे बरंच झालं.

मे महिन्यात गोठलेली जमीन मोकळी झाल्यावर तो थडग्याजवळ फुलझाडं लावायला गेला. गुडघे टेकले, हात टेकले, माती उकरली. ते आलं. गार, जड, बिनश्वासाचं. या वेळी व्हर्लिन थांबला नाही आणि निसटायलाही गेला नाही. तसाच आणलेली चारही रोपं लावत राहिला. दोन ओळींपलीकडे कुबेशांची सून पाण्याचा डबा घेऊन उभी होती. ती त्याच्याकडे बघत होती, आणि मग तिने मान दुसरीकडे वळवली.

व्हर्लिन उठला, हात पुसले. छप्पन्न वर्षं आर्डिथ त्याच्यासमोर जेवायला बसली होती. त्या दिवशी तिने घड्याळावरून नजर उचलून त्याच्या पाठीकडे पाहिलं होतं का, हे तिला विचारायचं राहून गेलं.