फाटकाबाहेर

मल्लेश्वरममधल्या एका संस्थेच्या ज्येष्ठांसाठीच्या हेल्पलाइनवर वल्लरी सल्लागार होती. मराठी फोन तिच्याकडेच यायचे. त्या दुपारी बोलणाऱ्या बाईंचा आवाज दबका होता, पण डळमळीत नव्हता.

"मी सुचेता. नागपूरला शाळेत शिकवायची. मुलानं मला सर्जापूर रोडकडच्या वृद्धाश्रमात आणून सोडलंय. बाहेर जाते म्हटलं तर मॅनेजर म्हणतो, मुलाची परवानगी आणा."

"तुम्हाला तिथं राहायचंय का, काकू?"

"नाही. राजाजीनगरला माझी मैत्रीण शलाका राहते. ती ये म्हणतेय."

"मग जा. तुमच्या मर्जीविरुद्ध तुम्हाला कुणी डांबून ठेवू शकत नाही. मुलगासुद्धा नाही."

"हे त्या मॅनेजरला सांगशील?"

सल्ला द्यायचा, मध्ये पडायचं नाही, असा संस्थेचा नियम होता. शेजारच्या टेबलावरून तिचे वरिष्ठ पद्मनाभ सर 'पुरे' अशी खूण करत होते. वल्लरीनं खुर्ची भिंतीकडे वळवली.

"फोन स्पीकरवर टाका, बॅग उचला आणि फाटकाकडे चला."

थोड्या वेळानं मॅनेजरचा आवाज आला. "मॅडम, त्यांना काही आठवत नाही."

"सगळं आठवतं," सुचेताबाई म्हणाल्या. "इथं राहणार का, असं मला कुणी विचारलं नाही, हेही आठवतं."

"फाटक उघडा," वल्लरी म्हणाली, "नाहीतर मी आत्ता पोलिसांना फोन लावते. काकूंना कशासाठी अडवलंत, ते तुम्ही पोलिसांनाच सांगा."

मॅनेजर फाटकापासून बाजूला सरला. मग वल्लरी कन्नडमध्ये वॉचमनला म्हणाली, "अण्णा, गेट स्वल्प तेगीरी." लोखंडी फाटक करकरलं. रिक्षा मिळेपर्यंत ती फोनवर थांबली.

संध्याकाळी मुलानं संस्थेत फोन करून आरडाओरडा केला. पद्मनाभ सरांनी वल्लरीला फोनवरून उठवून टपालाच्या कामाला बसवलं.

"चूक कबूल करा, मग बघू," ते म्हणाले.

"चूक झालेली नाही, सर. उद्या असा फोन आला तरी मी हेच करीन."

सुचेताबाईंनी आभार मानायला पुन्हा फोन केला, तेव्हा त्यांना हे कळलं. सोमवारी त्या शलाकाला घेऊन संस्थेत आल्या आणि पद्मनाभ सरांच्या समोरच्या खुर्चीत बसल्या.

"त्या मुलीला पुन्हा फोनवर बसवा," त्या म्हणाल्या.

"आमच्या नियमात ते बसत नाही, मॅडम."

"मग नियम बदला. तोवर मी इथंच बसते. मला घाई नाही."

शलाकानं पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. तो रिकामा होईपर्यंत पद्मनाभ सर कागद चाळत राहिले. शेवटी त्यांनी वल्लरीला बोलावलं आणि तिच्याकडे न बघताच हेडफोन पुढे सरकवला.