मोज्यांचं गाणं कुणाचं

आमच्या ऊनाला रीत म्हणून नाही. आमच्या खाडीत ज्याचं गाणं त्याचं. माझा दीर ॲम्ब्रोज त्याचं गलबताचं गाणं भसाड्या गळ्यानं गातो, पण तो खोलीत असताना दुसऱ्या कुणी ते तोंडात घ्यायचं नाही. नसेल तर आधी त्याला विचारून ठेवायचं. मोज्यांचं गाणं माझं. माझ्या आईचं होतं, त्याआधी तिच्या आजीचं. आजीनं ते आयर्लंडहून जहाजातून आणलं. बरोबरचं बाकी सगळं समुद्रानं खाल्लं. आणि ही माझी नात, माझ्या मुलाची, लिअँडरची लेक, ते तिकडे सेंट जॉन्स शहरात गिटार-ड्रमवाल्या टोळक्याबरोबर गाते, हे मला कळलं कुठे? दुकानात, मैद्याची पिशवी उचलताना!

वर आमच्याच चर्चच्या जत्रेत ती ते गाणार होती.

"वहिनी, तुमचं गाणं आता विजेवर चालणार म्हणे," ॲम्ब्रोज म्हणाला. "बिल कोण भरणार?"

"तुझं विजेवर लावलं तरी लोक झोपतीलच. गप्प बैस."

मी पहिल्या रांगेत जाऊन बसले. पहिल्याच कडव्याला उभं राहून तिला थांबवायचं, हे ठरलेलं. मी थांबवलं असतं तर ह्या किनाऱ्यावर तिला पुन्हा कुणी गायला बोलावलं नसतं. सगळ्यांना ते ठाऊक होतं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर कुणी टेकेना.

ऊना आली. अर्धं डोकं भादरलेलं. मला बघून रंग उतरला तिचा, पण मागे सरली नाही. मग स्पीकरमधून आवाज सुरू झाला. टुक, टुक, जरा अडखळून, टुक. मी अर्धी उठले होते, तशीच खाली बसले. आमच्या ह्यांच्या होडीचं इंजिन! हे गेल्यापासून शेडमध्ये गंजत पडलेलं. त्याचं अडखळणं मी झोपेतसुद्धा ओळखेन.

त्या ठेक्यावर तिनं गाणं उचललं. गाण्यातल्या नोराच्या भावांनी तिच्या प्रियकराला होडीतून नेलं आणि परत आणलं नाही, ती कथा. शहरातले लोक थांबत नाहीत म्हणून हल्ली अर्धी कडवी गाळतात. हिनं एक गाळलं नाही. चेहरा दगडासारखा, हात खाली. रडायचं ते गाण्यानं, गाणारीनं नाही. हे तिला कुणी शिकवलं कोण जाणे. तो कुठे गेला ठाऊक नाही, असं भाऊ खोटं बोलतात तिथेच फक्त गिटार किंचाळली, आणि माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं गाते मी ते. ते खोटं मला असं कधी ऐकू आलं नव्हतं.

"टिकव, पोरी, टिकव!" मी मध्येच ओरडले. आमच्याकडे चांगल्या गाणाऱ्याला असा हात देतात. मी तो सहसा कुणाला देत नाही.

शेवटी सगळी वाद्यं थांबली. आमच्यात शेवटची ओळ गात नाहीत, बोलतात. तीही बोललीच, अगदी हळू: "दादा, तुझ्या पायातले मोजे मी विणलेत. त्याच्यासाठी."

ॲम्ब्रोजनं टोपी काढली होती.

चहाच्या टेबलापाशी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आजी, विचारलं असतं तर नाहीच म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

"इंजिन बाबांनी आणि मी दुरुस्त केलं. ह्या टुकटुकीतूनच आजोबा तुला होडीतून हाक मारायचे ना, म्हणून..." तिनं कप टेबलावर ठेवला. "आता कधीच गाऊ नको का?"

भोवतीच्या बायांनी केक चावायचा थांबवला. ॲम्ब्रोज घसा खाकरून म्हणाला, "वहिनी, रविवारी आमच्याकडे जमू तेव्हा ते कोण गाणार मग, तुम्ही की ही?"

मी ऊनाकडेच बघत म्हणाले, "विचारलं नाहीस, ते मी तुला मरेपर्यंत ऐकवणार. पण माझ्याहून चांगलं गायलीस. आजपासून ते गाणं तुझं. मी ते पुन्हा तोंडात घेणार नाही, आणि ह्या ॲम्ब्रोजला ते हवं असेल तर त्यानं टोपी काढून तुला विचारायचं."