न उतरवलेलं शीड

मी शीड बोलतोय. उलांडीच्या, म्हणजे तोलासाठी बाजूला लाकूड बांधलेल्या होडीचं, निळ्या ताडपत्रीचं. हसू नका! फिजीच्या या बेटांवर माझे वाडवडील विणलेल्या चटईचे होते, हे मलाही ठाऊक आहे.

वादळानंतर मदतीच्या बोटीतून मी आलो आणि पेथेलीच्या चुलीवरचं छप्पर झालो. मग एक दिवस होडीला शीड हवं म्हणून त्यानं मला खाली काढून कापलं. त्याची बायको वासेमाथा मला शिवत बसली, तोंडानं त्याचा उद्धार चालूच. "आता पावसात चूल काय तुझ्या डोक्यावर मांडू?"

"मांड की. नाहीतरी तू तिथंच बसलेली असतेस."

दिवसभर त्यांचं हे असंच चालायचं.

एका सकाळी मात्र निघेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. गळ लागून पेथेलीचा पाय चिघळला होता, मांडीपर्यंत काळानिळा पडला होता. अंग तापानं फणफणत होतं. नर्स पलीकडच्या बेटावर, शांत खाडीच्या काठी. गावातली मोटारबोट बिघडलेली. शेजाऱ्यांनी मला चढवून दिलं, पण होडीत तिसऱ्याला जागाच नव्हती. वासेमाथा एकटी सुकाणूला बसली.

वाटेत सरदाराचं गाव लागतं. त्याच्या दारावरून जाताना मान म्हणून शीड उतरवायचं, ही रीत आजवर कुणी मोडलेली नाही. पण मला पुन्हा चढवायला दोन माणसं लागतात, आणि तिथं पाण्याला ओढ अशी, की बिनशिडाची होडी थेट भर समुद्रात जाते.

गाव दिसलं तसा पेथेली तापातून जागा झाला. "उतरव ते."

"गप पडून राहा."

"सरदाराचं दार आहे, बाई! माझ्या बापाचं नाव घालवू नकोस." तो सरपटत माझ्या दोरीकडे आला.

ज्यानं मला घडवलं त्याचं ऐकू, की त्याला जगवू? वासेमाथानं दोरीच्या गाठीवर पाय रोवला. तो तिच्या घोट्याला कडकडून चावला. रक्त आलं.

"चाव, मेल्या! मेल्यावर मान काय चाटायचाय?" ती ओरडत होती, रडत होती, पण पाय हलला नाही. किनाऱ्यावर आरडाओरडा झाला. लाजेनं फाटायचाच बाकी होतो मी, तरी वारा पोटभर घेतला.

खाडीत पोचलो. पेथेलीचा पाय गेला, जीव वाचला.

वासेमाथा रीतीप्रमाणे देवमाशाचा दात भेट म्हणून घेऊन सरदारापुढं माफी मागायला गेली. तो म्हणाला, "पोरी, उतरवलं असतंस तर मीच शिव्या घातल्या असत्या तुला."

पेथेलीनं मात्र माफ केलं नाही. कुबडी टेकून अंगणात बसतो. ती जेवण पुढं ठेवते, तो मुकाट जेवतो. मी घराखाली गुंडाळून पडलोय, उंदीर कुरतडतात. त्याचं काही नाही. वरून मला ती ऐकू येते, दिवसभर एकटीच बोलत असते.

पेथेली, बाबा रे, तुझा मान मी घालवला. वारा मी घेतला, वर मी राहिलो. मला फाड, जाळून टाक. पण तिच्याशी एकदा भांड तरी रे.