मागच्या चाकाचा ब्रेक

दत्ताराम सावंत गिरणीत फिटर होता. संपानंतर गिरणी पुन्हा सुरू झालीच नाही, म्हणून तो मुलुंडच्या एका लहान कारखान्यात लागला. पण आपल्या हाताला न जमणारं काम नाही, हा ताठा काही गेला नाही. त्याचा मेहुणा सहदेव महिनाभरासाठी कणकवलीला गेला आणि जाताना आपली जुनी फियाट त्याच्या हवाली करून गेला. तिसऱ्याच दिवशी मागच्या डाव्या चाकातून ब्रेक ऑइल गळताना दिसलं. गॅरेजचं नावही न काढता दत्तारामने रविवारी सकाळी जॅक लावला.

रबरी वॉशर बदलून झाला. आता ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा काढायची होती. त्याने बायकोला, रत्नप्रभाला, गाडीत बसवून पेडल दाबायला सांगितलं आणि स्वतः चाकापाशी आडवा होऊन बोल्ट सैल करू लागला, आवळू लागला.

"अहो, पाय आत जातोय. मऊ लागतंय."

"दोन-तीनदा दाब."

"दाबल्यावर घट्ट होतं. थांबलं की परत मऊ."

"घट्ट होतंय ना? झालं तर. तुला गाडीतलं काय कळतंय?"

ती पेडल दाबत राहिली. बॉनेटखालच्या बाटलीतलं ब्रेक ऑइल मधेच संपलं होतं आणि नळीत पुन्हा हवा शिरली होती. ते त्याने पाहिलंच नाही.

दुपारी तिलाच शेजारी बसवून तो चाळीजवळच्या कॉलनीच्या उतारावरून निघाला. अर्ध्या उतारावर त्याने ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय थेट तळाला टेकला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. हँडब्रेक ओढला, तर चाक खोलताना सैल केलेली त्याची वायर परत ताणायची राहून गेली होती. खाली रेशनच्या दुकानासमोर डबे घेऊन रॉकेलची रांग उभी होती. त्याने गिअर खाली आणला, हॉर्नवर हात दाबून धरला आणि रांग दहा हातांवर असताना गाडी डावीकडे वळवून बांधकामाच्या वाळूच्या ढिगात घातली.

रत्नप्रभाचं मनगट समोरच्या फळीवर आपटून मोडलं. बाकी कुणाला खरचटलंही नाही. रांगेतली माणसं धावत आली. "ब्रेक फेल झाले तरी काय सांभाळलीस रे गाडी," कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. दत्ताराम वाळूत रुतलेल्या चाकाकडे बघत राहिला. रत्नप्रभाने हात छातीशी धरून एकदा त्याच्याकडे पाहिलं, बस्स.

आठवडाभर चाळीत हीच गोष्ट चालली. ती ऐकताना तो मान खाली घालायचा आणि लोकांना वाटायचं, माणूस किती साधा. घरात तो भात लावायचा, तिची वेणी घालायचा. वेडीवाकडी व्हायची, तरी ती काही म्हणायची नाही. ते काही न म्हणणंच त्याला जड जात होतं.

पुढच्या रविवारी चाळीतल्या मालनताई तिला बघायला आल्या. अपघाताच्या दिवशी त्या नातीला कडेवर घेऊन रॉकेलच्या रांगेत उभ्या होत्या. "तुझ्या नवऱ्याच्या रूपाने देवच उभा राहिला गं," त्या रत्नप्रभाला म्हणाल्या. चहाचे कप घेऊन आलेला दत्ताराम दारातच थांबला.

"मालनताई, ब्रेक आपोआप फेल झाले नव्हते. मीच खोलून बिघडवले होते. ही सांगत होती पेडल मऊ लागतंय म्हणून. मी ऐकलं नाही."

मालनताईंनी कप हातात घेतला नाही. "म्हणजे पोर माझ्या कडेवर होती, आणि तू..."

"हो."

त्या उठल्या. रत्नप्रभाच्या डोक्यावरून हात फिरवला, "हात सांभाळ," म्हणाल्या आणि त्याच्याकडे न बघता निघून गेल्या.

बोलून टाकलं की मोकळं वाटेल, असं त्याला आठवडाभर वाटत होतं. तसं काही झालं नाही. आता ही गोष्ट संध्याकाळपर्यंत चाळभर होणार, आणि सहदेवला तर पत्रात सगळं लिहायचंच होतं. तो कप हातात धरून तसाच उभा राहिला.

"बसा," रत्नप्रभा म्हणाली. तिने प्लास्टरचा हात मांडीवर ओढून घेत कॉटवर त्याच्यापुरती जागा केली. "चहा निवतोय."